कीबोर्डवर पेटी घडवताना: वर्कस्टेशनवर आवाज बनवण्याची आणि सुधारण्याची रीत

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक वर्कस्टेशन कीबोर्डमध्ये हार्मोनियमचा एखादा तयार आवाज असतोच. भजनाला किंवा नाट्यगीताला तो लावला की मात्र समोरच्या जाणकाराला पाच सेकंदांत कळतं की ही पेटी नाही. मग आपण म्हणतो, सॅम्पल (वाद्याचा रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज) चांगलं नाही, नवा कीबोर्ड घ्यायला हवा. बऱ्याचदा सॅम्पल ठीकच असतं. गडबड अशी असते की पेटीला जे मुळी जमत नाही ते सगळं हा आवाज करत असतो: पट्टी जोरात दाबली की मोठा होतो, बेंडर (सूर वर-खाली सरकवणारी दांडी) हलवला की मींड घेतो म्हणजे सुरावरून सुरावर घसरतो, सस्टेन पेडल दाबलं की लोंबकळत राहतो. म्हणून खऱ्या वाद्याचा आवाज घडवताना मी एकच क्रम पाळतो. त्या वाद्याला काय येत नाही ते आधी बंद करायचं, मग जे येतं ते रचायचं, आणि चमक, घुमारा वगैरे सगळं शेवटी.

उदाहरणासाठी रोलँडच्या एक्सपी-८० ची रचना धरतो. यंत्र १९९६ चं आहे, पण त्यातली पॅच आणि टोनची मांडणी कंपनीच्या नंतरच्या कितीतरी कीबोर्डांत दिसते. तुमच्याकडे कॉर्ग किंवा यामाहा असेल तर नावं बदलतील, काम तेच राहील.

यंत्राच्या पोटात काय असतं

वर्कस्टेशन म्हणजे आवाज, इफेक्ट आणि सिक्वेन्सर (वाजवलेलं नोंदवून पुन्हा वाजवणारा भाग) एकाच पेटाऱ्यात. हा प्रकार खऱ्या अर्थाने रूढ केला तो १९८८ च्या कॉर्ग एम१ ने. तेव्हापासून आवाजाची साखळी फारशी बदललेली नाही. रॉममध्ये रेकॉर्ड केलेल्या लहरी असतात, त्यांना आपण वेव्ह म्हणू. वेव्ह कुठल्या सुरात वाजणार ते ठरतं, मग ती फिल्टरमधून (आवाज उजळ किंवा मंद करणाऱ्या भागातून) जाते, मग व्हॉल्यूमच्या टप्प्यातून, आणि शेवटी इफेक्टमध्ये.

रोलँडमध्ये या साखळीच्या एका पदराला टोन म्हणतात आणि असे चार टोन मिळून एक पॅच होतो. फिल्टरचं नाव टीव्हीएफ, व्हॉल्यूमच्या टप्प्याचं टीव्हीए. कॉर्गमध्ये पॅचऐवजी प्रोग्राम असतो, त्यात टोनसारखेच एक किंवा दोन ऑसिलेटर. यामाहाच्या मोटिफमध्ये व्हॉइस आणि एलिमेंट असे शब्द आहेत: २००१ च्या मूळ मोटिफमध्ये चार एलिमेंट, पुढे मोटिफ एक्सएसपासून आठ. अनेक आवाज एकत्र लावायच्या वरच्या पातळीला रोलँड आणि यामाहा परफॉर्मन्स म्हणतात, कॉर्ग कॉम्बी.

कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी मूळ पॅच युजर बँकेत (आपले आवाज साठवायच्या जागेत) दुसऱ्या नावाने सेव्ह करा आणि त्या प्रतीवरच काम करा. पॅच बदलला की न सेव्ह केलेले बदल बहुतेक यंत्रांत पुसले जातात, कुणी विचारत नाही. एक्सपी-८० मध्ये नावाला १२ अक्षरं मिळतात, तेव्हा सुटसुटीत नाव द्या आणि शेवटी आवृत्तीचा आकडा टाका. मूळ आणि बदललेला आवाज आलटून-पालटून ऐकवणारं कंपेअरचं बटण असेल तर ते सारखं वापरा. कान फार लवकर नव्या आवाजाला सरावतात आणि आपण पुढे गेलो की मागे हे कळेनासं होतं.

आधी सोलून काढा

तयार हार्मोनियमचा पॅच उघडा आणि चारही टोन एकेक करून बंद-चालू करून ऐका. कारखान्यातल्या पॅचमध्ये बहुधा एखादा टोन नुसता भरावाला टाकलेला असतो, कोरसने पसरवलेला किंवा स्टिरिओत डावी-उजवीकडे फेकलेला. तो काढून टाका. कोरस बंद, रिव्हर्ब (घुमारा) बंद, डिले (प्रतिध्वनी) बंद. उरलेला एकच टोन कोरडाठाक ऐका. हा आवाज कानाला बोचला तरी चालेल, रीडचा (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातीचा) आवाज जवळून बोचराच असतो.

कीबोर्डमध्ये पेटीची वेव्ह नसेल तर अकॉर्डियन किंवा रीड ऑर्गनची घ्या, दोन्हींत मुळात धातूची मोकळी पातच थरथरते. फक्त म्युझेट (फ्रेंच ढंगाच्या) प्रकारचा अकॉर्डियन टाळा. त्यात दोन-तीन रीड मुद्दाम बेसूर ठेवून ती लहर सॅम्पलमध्येच रेकॉर्ड झालेली असते, नंतर काढता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची चार कामं.

पहिलं, व्हेलॉसिटी. मिडीत (कीबोर्डांच्या डिजिटल भाषेत) प्रत्येक पट्टीच्या दाबाला १ ते १२७ असा आकडा मिळतो आणि पॅच त्यावरून आवाज लहान-मोठा करतो. पेटीत तुम्ही पट्टी हळू दाबा की आपटा, व्हॉल्यूम भात्यातल्या हवेवर ठरतो. टीव्हीएच्या पानावर व्हेलॉसिटी सेन्स शून्य करा. मग टीव्हीएफच्या पानावर जाऊन तिथलीही शून्य करा, नाहीतर व्हॉल्यूम सारखा राहील पण जोरात दाबल्यावर आवाज उजळेल. हे दुसरं पान हमखास विसरलं जातं. शिवाय एखादा टोन ठरावीक दाबाच्या पुढेच वाजावा अशी मर्यादा घातलेली नाही ना, तेही पाहून घ्या.

दुसरं, बेंडर. रेंज वर शून्य, खाली शून्य. पेटीला मींड नाही, हे तिच्यावरचं जुनं आक्षेपाचं कलम आहे. त्यातूनच १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आपण बेंडरने मींड घेऊन तिची बाजू सावरायला गेलो तर ऐकणाऱ्याला पेटी न ऐकू येता कीबोर्ड ऐकू येतो.

तिसरं, मॉड्युलेशन. लिव्हरला बांधलेला एलएफओचा (संथ लहर देणाऱ्या भागाचा) व्हायब्रॅटो म्हणजे सुराची थरथर काढून टाका.

चौथं, सस्टेन पेडल. टोनच्या किंवा पार्टच्या (परफॉर्मन्समधल्या एकेका आवाजाच्या) पानावर ते स्वीकारायचं की नाही याचा स्विच असतो, तो बंद. नसलाच तर पेडल काढून ठेवा, पायाला सवय असते आणि तो दाबतोच.

एवढं झालं की दोन मिनिटं वाजवून बघा. अजून एकही नवी गोष्ट घातलेली नाही, तरी आवाज पेटीच्या बराच जवळ आलेला असेल.

खर्ज, नर, मादी

पेटी विकत घेताना दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, सूर किती लाइनचे हवेत? लाइन म्हणजे रीडची एक ओळ. नर ही मधली, मादी एक सप्तक वर, खर्ज एक सप्तक खाली. चार टोनच्या पॅचमध्ये ही रचना जशीच्या तशी बसते आणि मला या सगळ्या कामात हाच भाग सर्वात आवडतो.

टोन १ नर. कोर्स ट्यून (अर्धस्वरांनी सूर वर-खाली करणं) ०, लेव्हल पूर्ण.

टोन २ मादी. टोन १ ची नक्कल करा, टोन कॉपीची सोय असतेच, आणि कोर्स ट्यून १२ ने वाढवा. लेव्हल नरापेक्षा कमी, ती नरावर तरंगायला हवी, त्याला झाकायला नको. आता फाइन ट्यूनवर या. खऱ्या पेटीत दोन लाइन कधीच काटेकोर एका सुरात नसतात आणि त्यातूनच तिची ती जिवंत थरथर येते. मादी ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर करा. मधली काळी एक (मधल्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) दाबली तर नराचा सूर सुमारे २७७ हर्ट्झ असतो, त्याचा दुसरा स्वरांश (त्याच सुरात दडलेला दुप्पट उंच सूर) ५५४ च्या आसपास. मादी त्याच्यापेक्षा ३ सेंट वर, म्हणजे साधारण एक हर्ट्झने वर. म्हणून सेकंदाला जवळपास एक लाट ऐकू येते, येते आणि ओसरते. हेच एक सप्तक वर वाजवलंत तर लाट दुप्पट वेगाने येईल. ६-७ सेंटपर्यंत गेलात की वरच्या सप्तकात पेटी रडायला लागते आणि थेट पॅरिसच्या कॅफेत पोचते. २ ते ४ च्या दरम्यान थांबा.

टोन ३ खर्ज. कोर्स ट्यून उणे १२, फाइन ट्यून उणे १ किंवा २. लेव्हल मादीइतकी किंवा थोडी कमी. सगळ्या गाण्यांना खर्ज लागत नाही. चार-पाच सुरांच्या जोड्या डाव्या हाताने धरणारे असाल तर तो खाली गढूळपणा करतो, तेव्हा त्याची कीरेंज वापरा: खालच्या सप्तकात बंद, मध्यापासून वर चालू.

टोन ४ मध्ये पट्टीचा खटका. रॉममध्ये की क्लिक, ऑर्गन क्लिक किंवा एखादा लाकडी टोल्याचा आवाज शोधा, त्याची लांबी अगदी तोकडी करा आणि लेव्हल इतकी कमी ठेवा की बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवावी. इथे मात्र व्हेलॉसिटी शून्य करू नका. पट्टी आपटली तर लाकूड वाजतंच. पेटीत दाबाला प्रतिसाद देणारी हीच एक गोष्ट आहे.

कॉर्गमध्ये दोनच ऑसिलेटर असतील तर नर आणि मादी प्रोग्राममध्ये ठेवा आणि खर्ज कॉम्बीत दुसऱ्या प्रोग्रामने जोडा. खटका सोडून द्या, त्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

या थरांची किंमतही असते. एक्सपी-८० मध्ये एका वेळी ६४ व्हॉइस वाजतात (इथे व्हॉइस म्हणजे एकेक वाजणारा पदर, यामाहाचा व्हॉइस नव्हे). चार टोनचा पॅच म्हणजे एका पट्टीला चार व्हॉइस, म्हणजे एकूण १६ पट्ट्या. एकट्या पेटीला ते पुष्कळ झालं. पण सिक्वेन्सरवर तबला, बेस आणि स्ट्रिंग चालू असतील तर मधेच धरलेला सूर तुटतो. तसं झालं तर आधी खटका काढा, मग खर्ज.

सुराची सुरुवात आणि शेवट

टीव्हीएच्या एन्व्हलपमध्ये (सूर कसा चढतो, टिकतो आणि विरतो त्या आराखड्यात) रोलँडने टी१ ते टी४ असे चार वेळ आणि एल१ ते एल३ अशा तीन पातळ्या दिल्या आहेत. टी४ म्हणजे पट्टी सोडल्यानंतरचा वेळ, एल३ म्हणजे धरून ठेवलेल्या सुराची पातळी. पेटीसाठी तिन्ही पातळ्या १२७. भाता हलतोय तोवर सूर खाली पडत नाही.

टी१ नरासाठी जवळजवळ शून्य, पण अगदी शून्य नको, त्याने कडा कापल्यासारखी येते. खर्जासाठी थोडा जास्त, कारण मोठी रीड बोलायला उशीर लावते. हा फरक कानाला वेगळा ओळखू येत नाही, पण द्रुत तान वाजवली की नर पुढे आणि खर्ज किंचित मागे असा जो पोत तयार होतो तो लगेच जाणवतो. टी४ तिन्हींना लहान ठेवा. तान वाजवून तपासा: सूर एकमेकांत मिसळत असतील तर टी४ कमी करा, टाइपरायटरसारखे तुटत असतील तर वाढवा.

भाता पायाखाली

व्हेलॉसिटी काढली, मग चढउतार कुठून आणायचा? एक्स्प्रेशन पेडलमधून (पायाने आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलमधून). ते मिडीच्या कंट्रोलर ११ वर ठेवा, ७ वर नको. ७ हा एकूण मिक्समधला व्हॉल्यूम आहे, पायाने तो हलवत राहिलात तर ठरवलेलं संतुलन प्रत्येक गाण्यात बिघडेल.

नुसता व्हॉल्यूम बदलला तर कुणीतरी रेडिओचं बटण फिरवतंय असं वाटतं. हवेचा दाब वाढला की रीड मोठी होते तशी उजळतेही. म्हणून कंट्रोलच्या पानावर त्याच पेडलला फिल्टरचा कटऑफही (फिल्टर आवाज कुठून कापू लागतो ती जागा) बांधा, थोड्याच मात्रेत. पेडल अर्ध्यावर असताना आवाज गोल आणि पूर्ण दाबल्यावर उघडा, इतकाच फरक. कटऑफचं मूळ स्थान पेडल अर्ध्यावर ठेवूनच ठरवा, कारण वाजवताना पाय बहुतेक वेळ तिथेच असतो. फिल्टर लो-पास (वरचे सूरांश कापणारा), रेझोनन्स (कटऑफच्या जागेवरचा उठाव) शून्य किंवा नावापुरता. एम१ च्या फिल्टरला रेझोनन्सच नव्हता आणि त्यावाचून त्याच्या पियानो-ऑर्गनचं काही अडलं नाही.

फिल्टरचा की फॉलो (वरच्या पट्ट्यांना कटऑफही वर नेणारी सोय) थोडा वाढवा, म्हणजे वरच्या पट्ट्या दबणार नाहीत. हे करताना खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी सावकाश वाजवत जा. मधेच दोन शेजारच्या पट्ट्यांत आवाजाचा रंग एकदम बदललेला दिसेल. एक सॅम्पल संपून दुसरं सुरू होतं ती ही जागा. कटऑफ किंचित खाली घेतल्यावर तो सांधा बऱ्याच अंशी झाकला जातो.

सुरात लावणं

कीबोर्ड कारखान्यातून समान अंतरांच्या १२ सुरांत येतो, प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटचा. तानपुऱ्यासोबत गाणाऱ्याचा शुद्ध गंधार यापेक्षा १४ सेंट खाली असतो. स्केल ट्यून किंवा युजर स्केल नावाचं पान बऱ्याच वर्कस्टेशनमध्ये असतं, तिथे १२ सुरांना वेगवेगळे सेंट देता येतात. शुद्ध स्वरांसाठी सुरुवातीला हे घ्या: रे ४ वर, ग १४ खाली, म २ खाली, प २ वर, ध १६ खाली, नी १२ खाली. कोमल ग लागला तर १६ वर, कोमल रे १२ वर, कोमल ध १४ वर. हे शेवटचे शब्द नव्हेत. रागाप्रमाणे आणि गायकाप्रमाणे सूर हलतात, डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली ती याचसाठी.

तपासायची रीत अशी. मादी आणि खर्ज बंद करा, नुसता नर ठेवा. काळी एक सा धरून सा आणि ग एकदम दाबा. समान अंतरांच्या सुरांत सेकंदाला अकराएक ठोक्यांची खरखर ऐकू येईल. गंधार १४ सेंट खाली घेतला की ती जवळजवळ थांबते. मग मादी पुन्हा सुरू करा.

एक सावधगिरी. हे आकडे पानावर पट्टीच्या नावाने भरायचे असतात, सा-रे-ग नावाने नव्हे. गायिका काळी चारवर गाणार असेल तर सगळे आकडे सरकवावे लागतात. ट्रान्सपोज वापरून तुम्ही पांढरी एकचीच बोटं ठेवत असाल तर तुमचं यंत्र आकडे दाबलेल्या पट्टीला लावतं की ऐकू येणाऱ्या सुराला, ते याच सा-ग परीक्षेने बघून घ्या. आणि सोबत गिटार किंवा दुसरा कीबोर्ड असेल तर हे पान सरळ बंद ठेवा. गंधार शुद्ध असून उपयोग नाही, शेजारच्याशी जुळला पाहिजे.

इफेक्ट आणि मंच

इफेक्टमध्ये फार काही नाही. इक्वलायझरने अगदी खालची गुणगुण कापा. आवाज नाकातून येतोय असं वाटलं तर २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा. रिव्हर्ब छोट्या खोलीचा आणि कमी. सभागृहाचा किंवा देवळाच्या सभामंडपाचा स्वतःचा घुमारा असतोच, त्यावर तुमचा हॉल रिव्हर्ब पडला की शब्द कळत नाहीत.

हेडफोनवर पूर्ण झालेला आवाज अर्धाच झालेला असतो. मंडपातला पीए (ध्वनिक्षेपक यंत्रणा) पुष्कळदा मोनो म्हणजे एकाच वाहिनीचा असतो. घरीच एल-मोनोच्या जॅकमध्ये एकच वायर लावून ऐका. स्टिरिओ कोरसने भरलेले आवाज मोनोत पोकळ होतात. आपण कोरस काढलेला आहे, म्हणून पेटी टिकेल, पण तिच्यासोबत लावलेली स्ट्रिंग तपासून घ्या.

पॅच परफॉर्मन्समध्ये नेल्यावर तो एकदम वेगळा किंवा फिका वाटला तर घाबरू नका. एक्सपी-८० मध्ये पॅचला स्वतःचा इफेक्ट असतो, पण परफॉर्मन्समध्ये सगळ्या पार्टना मिळून एकच मुख्य इफेक्ट मिळतो. तो कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवायचं. पेटीला तो जवळपास लागत नाही, म्हणून ऑर्गनला किंवा गिटारला देऊन टाका.

तीच रीत, उलट वाद्य

सनईला हाच क्रम लावला की सगळे आकडे उलटे होतात. जनरल मिडीच्या (सगळ्या कंपन्यांच्या समान आवाजक्रमाच्या) यादीत ११२ क्रमांकावर ती आहे, त्यामुळे साध्या कीबोर्डातही मिळते. तिला काय येत नाही? एका वेळी दोन सूर येत नाहीत. तेव्हा पॉली (अनेक सूर) काढून मोनो (एका वेळी एकच सूर) करा, लेगाटो चालू करा, म्हणजे जोडून वाजवलेल्या सुराला नवी फुंक लागणार नाही. पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर आपोआप घसरणं) अगदी थोडा आणि फक्त लेगाटोला. बेंडरची रेंज वर २, खाली २ अर्धस्वर. याहून मोठी ठेवली तर बारीक हालचाल हातात राहत नाही. व्हायब्रॅटो लिव्हरवर, आपोआप सुरू होणारा नको. व्हेलॉसिटी ठेवा, पण व्हॉल्यूमपेक्षा फिल्टरला जास्त द्या. सोबतीला सूर धरणारा दुसरा सनईवाला हवा असेल तर तो वेगळा पॅच करा, कीबोर्डच्या खालच्या भागात स्प्लिटने (पट्ट्यांचे दोन भाग करून), बेंडर बंद करून. तसं नाही केलं तर तुम्ही वर मींड घ्याल आणि खालचा षड्जही सोबत सरकेल.

सगळं झाल्यावर पेटीची लेव्हल तुमच्या नेहमीच्या पियानोच्या पॅचशी जुळवा. दोन्ही आलटून-पालटून वाजवा, पेडल पूर्ण दाबून, म्हणजे कार्यक्रमात पॅच बदलताना साउंडवाल्याला फेडरकडे धावावं लागणार नाही. मग सेव्ह करा आणि युजर बँकेची एक प्रत यंत्राबाहेर, यूएसबीवर किंवा जुन्या यंत्रात फ्लॉपीवर काढून ठेवा. पुढच्या तालमीला गायकासोबत एक विलंबित आणि एक द्रुत चीज वाजवा, आणि जे बदल सुचतील ते त्याच दिवशी नव्या आकड्याच्या आवृत्तीत सेव्ह करा, जुनी तशीच राहू द्या.